सगळ्यांना चालणारा सोडा-जेली केक

मे महिना आला की आपल्या बेळगावकडे घरोघरी पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. मुलांना सुट्टी असते. लग्ने, मुंजी, वास्तुशांती, बारशी आणि पंच्याहत्तऱ्या एकामागून एक लागतात. जेवणाचा बेत बहुतेक ठरलेला असतो. कुंदा कोणत्या दुकानातून आणायचा यावर घरात दोन पक्ष पडतात, पण कुंदा असणार हे नक्की. हल्ली या बेतात केकची भर पडली आहे. नातवंडांच्या आग्रहाखातर पंच्याहत्तरीच्या आजोबांनाही सुरी हातात घ्यावी लागते.

मेच्या दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास असतो. त्यात खोलीत तीस-चाळीस माणसे. क्रीमचा केक टेबलावर आणून ठेवला, फोटो काढले, कोणीतरी उशिरा येणाऱ्या काकांसाठी थांबायला सांगितले, की तेवढ्यात त्यावरची गुलाबाची फुले घरंगळू लागतात. अशा दिवसांसाठी एक जुना, थंडगार केक आहे. साधा केक भाजायचा, त्याला भोके पाडायची, त्यात सोडा घातलेली रंगीत जेली ओतायची आणि फ्रीजमध्ये थंड करायचा. कापला की पांढऱ्या केकमध्ये नारिंगी किंवा लाल रेघा उतरलेल्या दिसतात. दिसायला सुंदर, खायला हलका आणि आदल्या दिवशी करून ठेवता येणारा.

मात्र आपल्याकडच्या पंगतीत तो आणायचा असेल, तर त्यात एक बदल करावा लागतो. तो बदल कोणता आणि का, हे आज मला सांगायचे आहे.

केकचे माहेर

हा केक मूळचा अमेरिकेतला. जिलेटिन हा पदार्थ तिकडेही पूर्वी श्रीमंतांच्याच टेबलावर असे, कारण वासराचे पाय तासन्‌तास उकळून, गाळून, निवळून तो घरी काढावा लागे. १८४५ साली पीटर कूपर यांनी जिलेटिनच्या भुकटीचे पेटंट घेतले. पुढे १८९७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेरॉय या गावात पर्ल वेट नावाच्या सुताराने त्यात साखर, रंग आणि फळांचा स्वाद मिसळला. त्याची पत्नी मे हिने त्याला ‘जेल-ओ’ असे नाव दिले. वेट यांना ते विकणे जमले नाही आणि १८९९ साली त्यांनी तो सगळा धंदा अवघ्या ४५० डॉलरला त्याच गावातल्या ऑरेटर वुडवर्ड यांना देऊन टाकला. वुडवर्ड यांनी महिलांच्या मासिकांत जाहिराती दिल्या, पाककृतींच्या पुस्तिका घरोघर फुकट वाटल्या आणि काही वर्षांत जेली मध्यमवर्गाच्या घरात शिरली.

घरात फ्रीज आल्यावर तर जेलीला ऊतच आला. जेली सेट करायची म्हणजे फ्रीज हवा. त्यामुळे टेबलावर थरथरणारी जेली ठेवणे म्हणजे ‘आमच्याकडे फ्रीज आहे’ हे न बोलता सांगणे होते. आपल्याकडे गोदरेजने १९५८ साली भारतीय बनावटीचा फ्रीज काढला. त्यानंतर ज्यांच्या घरी तो आधी आला, त्यांच्याकडे पाहुण्यांना आवर्जून बर्फ घातलेले सरबत मिळायचे. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच!

सोडाही याच सुमारास तिथल्या स्वयंपाकघरात आला. १९२९ साली बाजारात आलेल्या सेव्हन-अपसारखी लिंबू-सोड्याची पेये १९५० च्या दशकात केकच्या पिठात आणि जेलीतही पडू लागली. जेलीसाठी अर्धे पाणी उकळते घ्यायचे आणि उरलेल्या अर्ध्या पाण्याऐवजी थंड सोडा घालायचा, ही युक्ती. जेली किंचित चुरचुरते आणि स्वादही वेगळा लागतो. भोके पाडून जेली ओतण्याचा केक १९७० च्या दशकात जेलीच्या जाहिरातींमधून लोकप्रिय झाला. चर्चची जेवणे, शेजाऱ्यांचे एकत्र जमणे, मुलांचे वाढदिवस, सगळीकडे तो दिसे. आज तिकडे तो ‘आजीच्या काळातला केक’ म्हणून कौतुकाने केला जातो.

थुलथुलीत, कापता येणारा गोड पदार्थ आपल्याला नवीन नाही. मराठीत खरवस म्हणा, कन्नडमध्ये गिण्ण म्हणा, चिकाच्या दुधाची ती वडी ताटात आली की दोन्ही भाषा बोलणारी मंडळी सारखीच खूश होतात. म्हणजे अडचण जेलीच्या थरथरण्याची नाही. ती आहे जेली कशाने थरथरते याची.

ठिपका पाहायचा

जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यातून काढलेले प्रथिन. हे अनेकांना ठाऊक असते, पण केकचा तुकडा हातात घेताना आठवत नाही. जेली, मार्शमॅलो, काही च्युइंग गोळ्या, काही थंड डेझर्टे आणि औषधांच्या कॅप्सूल यांत ते असते. अमेरिकेतही हा प्रश्न आहेच. जेली धर्माला चालते का, यावर तिथल्या ज्यू धर्मगुरूंमध्ये एकमत झालेले नाही.

आपल्याकडे पाकिटावरच्या ठिपक्याने बरीच सोय केली. मांसाहारी पदार्थावर तपकिरी खूण छापण्याचा नियम २००१ साली लागू झाला आणि पाठोपाठ शाकाहारी पदार्थांवर हिरवा ठिपका आला. २०२० च्या नियमांनुसार तपकिरी ठिपक्याच्या जागी चौकोनातला तपकिरी त्रिकोण आला आहे. जेलीचे पाकीट घेताना ही खूण आधी पाहावी. हिरव्या ठिपक्याची जेलीही मिळते. त्यात समुद्रशेवाळापासून काढलेले पदार्थ असतात. घटकांच्या यादीत ४०६ हा क्रमांक दिसला तर तो अगर, म्हणजे आपला चायना ग्रास. ४०७ दिसला तर कॅराजीनन. दोन्ही वनस्पतिजन्य आहेत. सुटा केक घेताना मात्र ठिपका नसतो. तिथे विचारावेच लागते आणि विचारायला संकोच करू नये.

हे सगळे मी एवढ्या बारकाईने पाहू लागले, त्याला कारण आमच्या सासूबाई. माझे माहेर खानापूरकडचे मराठी, सासर बैलहोंगलकडचे कन्नड. घरात मुलांशी मराठी, त्यांच्या आजीशी कन्नड आणि भांडताना दोन्ही, असा आमचा कारभार. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही नाही. पण त्यांचा स्वभाव असा, की चारचौघांत ‘मला नको’ म्हणायचे नाही. एखाद्या समारंभात केकची बशी हातात आली की त्या हसून घेतात, जरा वेळ धरून बसतात आणि मग शेजारी खेळणाऱ्या नातवाच्या हातात देतात. ज्याच्या घरचे कार्य असते, त्याला वाटते आजींनी खाल्ला. नातवाला वाटते आजीने लाडाने दिला. त्या उपाशीच राहिल्या हे कोणाच्याच लक्षात येत नाही. माझ्या माहेरच्या एका मावशीही अगदी हेच करतात, हे मग मला दिसू लागले. तुमच्याही घरी कोणीतरी असेल. पुढच्या कार्यात जरा पाहा, बशी कुठून कुठे जाते ते.

पाहुण्यांसाठी केलेला पदार्थ वडीलधाऱ्यांनी हातात धरून दुसऱ्याला द्यावा, हे मला पटेना. वेगळा ‘शाकाहारी कोपरा’ मांडणे हा एक उपाय झाला. पण एका केकच्या शेजारी दुसरा छोटा केक ठेवला की त्याच्यापाशी जाणारे माणूस उगाचच वेगळे पडते. त्यापेक्षा एकच केक असा करावा की तो सगळ्यांना चालेल.

प्रयोगशाळेतला चायना ग्रास

आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमना मी हे सांगितले, तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “अहो, आमचे सगळे शास्त्र याच अडचणीतून पुढे गेले.” मग त्यांनी सांगितलेली हकीकत ऐकण्यासारखी आहे.

जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरत. पण उष्णतेने ते पातळ होई आणि काही जंतू तर जिलेटिनच खाऊन त्याचे पाणी करत. १८८१ साली तिथे वाल्टर हेसे नावाचे संशोधक काम करत होते. त्यांनी पत्नी फॅनी हेसे यांना विचारले, “तुझ्या जेल्या उन्हाळ्यातही कशा टिकतात?” फॅनी यांचे बालपण अमेरिकेत गेले होते. तिथे जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून त्यांना अगरची माहिती मिळाली होती. त्यांनी अगर सुचवले आणि तेव्हापासून आजपर्यंत जगभरच्या प्रयोगशाळांत अगरच्या थाळ्या वापरल्या जातात. कॉख यांनी १८८२ सालच्या क्षयरोगावरच्या निबंधात अगरचा उल्लेख केला, पण फॅनी यांचे नाव घेतले नाही. स्वयंपाकघरातले शहाणपण असे पुष्कळदा बिननावाचे राहते.

आपल्या कामाचा मुद्दा असा. जिलेटिनची जेली तिशी-पस्तिशीच्या तापमानाला पातळ होते. म्हणून ती जिभेवर विरघळते आणि म्हणूनच मेच्या दुपारी बशीतही विरघळते. चायना ग्रासची जेली साधारण ३५ ते ४० अंशांना घट्ट होते आणि पुन्हा पातळ व्हायला तिला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे दुपारभर टेबलावर राहिली तरी ती जागची हलत नाही. शिवाय ताजा अननस, पपई किंवा किवी घातली तर जिलेटिन घट्टच होत नाही, कारण या फळांतली पाचके प्रथिन तोडतात. चायना ग्रास प्रथिन नसल्यामुळे त्यावर या पाचकांचा परिणाम होत नाही. ज्या शेवाळांपासून अगर निघतो, ती आपल्या देशात तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, रामेश्वरम-मंडपमच्या बाजूला मिळतात आणि समुद्रात बुडी मारून ती गोळा करण्याचे काम तिथल्या कोळी समाजातल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत.

साहित्य (९ इंची चौकोनी टिन, २५ तुकडे)

केकसाठी : मैदा २५० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा (साधारण ४०० ग्रॅम), लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर २ टेबलस्पून, बेकिंग पावडर १ टीस्पून, खाण्याचा सोडा १ टीस्पून, व्हॅनिला इसेन्स १ टीस्पून, साधा सोडा (बाटलीतला, गोड नसलेला) २०० मिली.

जेलीसाठी : चायना ग्रासच्या पट्ट्या ६ ग्रॅम (किंवा पावडर सपाट २ टीस्पून), पाणी ३०० मिली, साखर ३ टेबलस्पून, संत्र्याच्या किंवा लिंबाच्या स्वादाचे गोड सोड्याचे पेय २५० मिली, लिंबाचा रस १ टीस्पून, आवडीच्या फळांचे पातळ काप.

वरून : पाव किलो चक्का, १०० ग्रॅम पिठीसाखर, वेलदोड्याची पूड.

कृती

१) ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवावा. टिनला बटर पेपर लावावा. तो कडांच्या वर दोन बोटे येऊ द्यावा, म्हणजे केक नंतर अलगद उचलता येतो.

२) लोणी आणि पिठीसाखर फेटून त्यात कंडेन्स्ड मिल्क व इसेन्स घालावे. मैदा, बेकिंग पावडर आणि खाण्याचा सोडा दोनदा चाळून घ्यावा. आता थोडा मैदा, थोडा बाटलीतला सोडा असे आलटून पालटून घालत हलक्या हाताने मिसळावे. मिश्रण फसफसले की लगेच टिनमध्ये ओतून ओव्हनमध्ये सरकवावे. इथे अंड्याचे काम सोड्याचे बुडबुडे करतात. वाट पाहत बसले तर ते निघून जातात.

३) ३५ ते ४० मिनिटे भाजावे. विणकामाची सुई खुपसून कोरडी निघाली की झाला. ओव्हन नसेल तर अर्धे प्रमाण घेऊन गोल डब्यात, शिटी व रिंग काढलेल्या कुकरमध्ये, तळाशी मीठ पसरून मंद आचेवर करता येतो.

४) केक टिनमध्येच कोमट होऊ द्यावा. त्याच सुईने किंवा काट्याने एकेक इंचावर तळापर्यंत भोके पाडावीत.

५) चायना ग्रास कात्रीने बारीक कापून ३०० मिली पाण्यात अर्धा तास भिजवावा. मग मंद आचेवर सात-आठ मिनिटे उकळावा. एकही पट्टी दिसता कामा नये. साखर घालून विरघळवावी आणि गाळून घ्यावे.

६) आच बंद करून दोन मिनिटांनी त्यात घरातल्या तापमानाचे सोड्याचे पेय भांड्याच्या कडेने सोडावे. लिंबाचा रस आत्ताच घालावा, कारण रसासकट उकळले तर चायना ग्रासचा घट्टपणा कमी होतो. दोनदाच ढवळावे.

७) अर्धे मिश्रण चमच्या-चमच्याने भोकांवर ओतावे. उरलेले भांडे गरम पाण्यात ठेवावे. पंधरा मिनिटांनी केकवर फळांचे काप मांडून त्यावर उरलेले मिश्रण ओतावे. गार झाले की तीन तास फ्रीजमध्ये ठेवावे.

८) चक्क्यात साखर आणि वेलदोडा घालून पातळसर श्रीखंड करावे आणि वाढताना प्रत्येक तुकड्यावर एक चमचा घालावे. अमेरिकेत या जागी फेटलेले क्रीम असते. पण संत्र्याच्या जेलीवर श्रीखंड जास्त खुलते, असे माझे मत आहे.

दोन-चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात

जिलेटिनच्या मूळ कृतीत बर्फासारखा थंड सोडा घालतात, कारण थंड पाण्यात वायू जास्त मावतो. शून्य अंशाच्या पाण्यात तो २० अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट विरघळतो. चायना ग्रासमध्ये मात्र थंडगार सोडा घालू नये. तो चाळीस अंशांच्या खाली गेला की क्षणात गोळे होतात. त्यामुळे आपल्या केकमध्ये चुरचुर थोडी कमी राहते हे खरे. पण स्वाद राहतो, रंग राहतो आणि तुकडा उभा राहतो. ज्यांना चुरचुर हवीच, त्यांनी बशीसोबत ग्लासातून सोडा द्यावा. गोटी सोडा मिळाला तर फारच छान. त्या गोटीच्या बाटलीचे पेटंट हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ साली घेतले होते आणि आपल्याकडे ती अजून टिकून आहे.

केक थंड असताना जेली ओतू नये. ती भोकांत उतरण्याआधीच वर घट्ट होते. केक फ्रीजरमध्ये ठेवू नये. चायना ग्रास गोठून सुटला की पाणी सोडतो. खरे तर जपानमध्ये गोठवून, वितळवून, वाळवूनच तो तयार करत आले आहेत. फ्रीजमध्येही दुसऱ्या दिवसानंतर जेलीला थोडे पाणी सुटू लागते. म्हणून आदल्या संध्याकाळी करावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

आमच्या सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला मी असे दोन टिन केले. खानापूरची आणि बैलहोंगलची मिळून चाळीसेक मंडळी होती. सासूबाईंनी बशी हातात घेतली आणि नेहमीप्रमाणे नातवाकडे पाहण्याऐवजी मला विचारले, “इदराग एन हाकीयवा?” मी एकेक करून सांगितले. अंडे नाही, जिलेटिन नाही, समुद्रातला पाला आहे. त्यांनी चमचा उचलला. शेजारी मावशी होत्या, त्यांनीही उचलला. थोड्या वेळाने “चलो आगेती” असे ऐकू आले आणि नातवाला त्या दिवशी एकच तुकडा मिळाला.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरात कार्य म्हटले की दोन रीती, दोन चवी आणि दोन्हीकडचे मान सांभाळावे लागतात. पुष्कळ गोष्टी आपण बोलून सोडवतो. खाण्याच्या बाबतीत मात्र वडीलधारी माणसे बोलत नाहीत, तेव्हा करणाऱ्यानेच आधी विचार करावा. केक टेबलावर आणाल तेव्हा त्यात काय काय घातले आहे, हे मोठ्याने आणि दोन्ही भाषांत सांगावे. कोणाला विचारावे लागू नये. दहा रुपयांच्या पट्ट्यांचा प्रश्न नाही हा. घरातले सगळ्यात मोठे माणूस आणि सगळ्यात लहान मूल एकाच टिनमधला तुकडा खाऊ शकतील, एवढे जमले की बाकी केक थोडा कमी फुगला तरी चालतो.